गहूं सोडण्यापूर्वीं

हल्लीं चार माणसें एकत्र बसलीं आणि प्रकृतीचा विषय निघाला, कीं त्यांतला एक तरी हटकून म्हणतो, "गहूं सोडून पाहा." पोट फुगतें? गहूं सोडा. गुडघे दुखतात? गहूं सोडा. झोंप लागत नाहीं, अंगावर पित्त उठतें, वजन उतरत नाहीं, या सर्वांवर औषध एकच. पूर्वीं हा मान एरंडेलाचा असे. या सल्ल्यांत तथ्य किती, आणि ज्याला तो अजमावावयाचा आहे त्यानें तो कोणत्या रीतीनें अजमावावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्य नव्हे; मॅट्रिक होऊन मुलांना शिकविण्यांत माझी हयात गेली. परंतु गणिताच्या तासाला लागलेली एक संवय अद्याप सुटलेली नाहीं. उत्तर बरोबर आलें एवढ्यावर मी पुरे गुण देत नसें. रीत पाहत असें. गहूं सोडून ज्यांना बरें वाटलें त्यांचें उत्तर मी नाकारीत नाहीं. रीत मात्र पाहूं इच्छितों.

प्रथम गव्हांत इतर धान्यांहून निराळें असें काय आहे, तें पाहूं. शाळेंत मीं हा प्रयोग अनेक वर्गांना करून दाखविला आहे. आपणही घरीं करून पाहावा. मूठभर मैदा घट्ट भिजवून अर्धा तास झांकून ठेवावा, आणि मग तो गोळा पातळ फडक्यांत धरून पाण्याच्या भांड्यांत हलक्या हातानें चोळीत राहावें. पाणी दुधासारखें पांढरें होतें. तें ओतून दुसरें घ्यावें. पांच-सहा वेळां पाणी बदललें कीं फडक्यांत करड्या रंगाचा, रबरासारखा ताणला जाणारा चिवट गोळा उरतो. हेंच तें ग्लूटेन. इटलींतील बोलोन्या येथील बेक्कारी नांवाच्या पंडितानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशाच रीतीनें गव्हाच्या पिठाचे दोन भाग वेगळे केले होते. ओतून दिलेल्या पाण्याच्या तळाशीं जो पांढरा साका बसतो, तो गव्हाचा चीक. आपल्या कुरडया त्याच्याच. उन्हाळ्यांत तीन दिवस गहूं भिजत घालून, वाटून, गाळून आपल्या आया-आज्या चीक ठेवीत आणि चोथा गुरांपुढें टाकीत. त्या चोथ्याबरोबर ग्लूटेनचा मोठा भाग निघून जात असे. सगळा मात्र जात नसे, हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

पुरणपोळीची सारी प्रतिष्ठा या चिवट द्रव्यावर उभी आहे. तें असतें म्हणून पोळी कागदासारखी लाटली जाते आणि आंतलें पुरण बाहेर येत नाहीं. जोंधळ्यांत, बाजरींत, नाचणींत, तांदळांत असें द्रव्य नाहीं. म्हणून भाकरीचें पीठ उकळत्या पाण्यांत भिजवून, मळून, हातानें थापावें लागतें. उकळत्या पाण्यानें पिठांतला स्टार्च चिकट होतो आणि ग्लूटेनची उणीव कशीबशी भरून निघते. ज्या गृहिणीला भाकरी थापतां येते तिला हें रसायन पुस्तकाशिवाय ठाऊक असतें.

ग्लूटेन हें प्रथिन आहे, आणि नवल असें कीं तें कोणाच्याच पोटांत पूर्णपणें पचत नाहीं. त्याचे कांहीं लांबट तुकडे न तुटतां आंतड्यांत पोंचतात. बहुतेकांच्या बाबतींत ते निमूटपणें निघून जातात. परंतु कांहीं माणसांची उपजतच अशी ठेवण असते, कीं शरीराची संरक्षक व्यवस्था त्या तुकड्यांना शत्रू समजते, आणि त्यांच्याशीं लढतां लढतां आपल्याच आंतड्याचें अस्तर उद्ध्वस्त करते. लहान आंतड्याला आंतून मखमलीसारखी लव असते. अन्नाचा सकस अंश त्या लवेवाटे शोषला जातो. ती लव झिजून सपाट झाली, कीं ताटांत पंचपक्वान्नें असूनही माणूस उपाशी राहतो. लोह शोषलें जात नाहीं म्हणून रक्त कमी होतें. कॅल्शियम शोषलें जात नाहीं म्हणून हाडें ठिसूळ होतात. मुलांची वाढ खुंटते. कित्येकांना जुलाब होतात, तर कित्येकांना पोटाची तक्रार मुळींच नसते. या विकाराला सीलिअ‍ॅक रोग म्हणतात.

त्याचा शोध कसा लागला, ही कथा मोठी उद्बोधक आहे. लंडनचा डॉक्टर सॅम्युएल जी यानें १८८८ सालीं या रोगाचें नेटकें वर्णन केलें आणि तो बरा व्हावयाचा तर आहारानेंच होईल, असें मत दिलें. कोणता आहार, हें मात्र त्याला उमगलें नाहीं. त्याचा एक बालरुग्ण रोज हॉलंडकडच्या शिंपल्यांचें मांस खाऊन चांगला सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि तो पुन्हां पडला. पुढच्या हंगामांत तें मूल शिंपल्यांना तोंड लावीना! १९२४ सालीं अमेरिकेंत हास नांवाच्या डॉक्टरानें केळ्यांचा आहार सुरू केला. मुलें सुधारत आणि श्रेय केळ्यांना मिळे. वस्तुतः गुण शिंपल्यांचा नव्हता कीं केळ्यांचा नव्हता. तीं खातांना मुलांच्या पोटांत पाव जात नव्हता, ही खरी गोष्ट. आपण काय खातों याकडे सर्वांचें लक्ष होतें. काय खात नाहीं याकडे कोणाचेंच नव्हतें.

तें लक्ष विलेम डिके या डच बालवैद्यानें दिलें. हेग येथील बालरुग्णालयांत तो काम करी. युद्धापूर्वींच त्याला गव्हाचा संशय आला होता आणि १९४१ सालीं त्यानें गहूं वगळलेल्या आहाराविषयीं लिहिलेंही होतें. पुढें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडच्या पश्चिम भागांत भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेना, लोकांनीं ट्यूलिप फुलांचे कंदसुद्धां खाल्ले. त्या उपासमारींत डिकेचा संशय बळावला, आणि युद्धानंतर त्यानें मोजमापाचा मार्ग धरला. मुलांना ठराविक काळ गहूं द्यावा, ठराविक काळ बंद करावा, पुन्हां द्यावा, आणि प्रत्येक वेळीं विष्ठेंतून किती चरबी न पचतां बाहेर पडते तें तोलून पाहावें, असें हें काम. १९५० सालीं उट्रेख्ट विद्यापीठांत त्यानें आपला प्रबंध सादर केला. द्यावें, बंद करावें, पुन्हां द्यावें. ही जी त्याची रीत, ती आपल्याला पुढें लागणार आहे.

आपल्याकडे हा रोग किती आहे? देशाच्या उत्तर, ईशान्य व दक्षिण भागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत उत्तरेंत शंभरीं सव्वा, ईशान्येंत शंभरीं एकाहून किंचित् कमी, आणि दक्षिणेंत हजारीं एक, असें प्रमाण आढळलें. गव्हाचा खप उत्तरेंत सर्वांत अधिक, हें त्याचें एक कारण असावें. परंतु ईशान्येंतले लोक फारसा गहूं खात नसतांही तेथें तो पुष्कळ निघाला, म्हणजे खपाखेरीज इतरही कारणें असावींत. शंभरांत एक हा आंकडा लहान वाटेल. माझ्या शाळेचा पट तीनशेंचा होता.

आतां या भाषणांतली मुख्य गोष्ट सांगतों. हा रोग ओळखण्यास रक्ताची एक तपासणी आहे. टिशू ट्रान्सग्लूटामिनेज या नांवाच्या द्रव्याविरुद्ध शरीरानें प्रतिद्रव्यें तयार केलीं आहेत काय, हें तींत पाहतात. संशय आल्यास घशांतून नळी घालून आंतड्याच्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. परंतु या दोन्ही परीक्षा माणूस गहूं खात असेल तरच खऱ्या उतरतात. गहूं बंद केला कीं प्रतिद्रव्यें हळूहळू ओसरतात, लव पुन्हां उगवूं लागते, आणि रोग असूनही कागदावर "दोष नाहीं" असें येतें. एकदां सोडलेला गहूं परीक्षेसाठीं पुन्हां सुरू करावयाचा, तर रोज एकाहून अधिक जेवणांत तो असला पाहिजे, आणि तोही निदान सहा आठवडे. म्हणून "गहूं सोडून पाहा" हा सल्ला ज्यानें दिला असेल त्याला माझें एवढेंच सांगणें, कीं वाक्याच्या आधीं दोन शब्द घाला: रक्त तपासून.

हें केवळ पुस्तकी नव्हे. आमच्या नात्यांतल्या एका कुटुंबांत नऊ वर्षांची मुलगी आहे. वर्गांत सर्वांत ठेंगणी, चेहरा पांढुरका, चार जिने चढली कीं धापा. लोहाच्या बाटल्यांमागून बाटल्या झाल्या; रक्त चार महिने वाढे आणि पुन्हां उतरे. कोणा आहारतज्ज्ञ म्हणविणाऱ्या गृहस्थानें गहूं बंद करावयास सांगितलें. मुलगी तीन महिन्यांत टवटवीत झाली. घरांत आनंदीआनंद! पण तेवढ्यानें निदान झालें नव्हतें. आजोबा म्हणत, मुलीला बरें वाटतें आहे, तेव्हां अधूनमधून एखादी पोळी दिली तर काय बिघडलें? आत्या म्हणे, हें फॅड आहे. अखेरीस मुलांच्या डॉक्टरकडे नेलें. रक्ताची परीक्षा निर्दोष आली, आणि गहूं बंद असतांना ती तशी येऊं शकते. डॉक्टरांनीं सांगितलें, निश्चित कळावयास हवें असेल तर तिला पुन्हां पोळी खाऊं घाला.

श्रोतेहो, त्या माउलीची स्थिति मनांत आणा. जें अन्न दिल्यानें लेकरूं कोमेजतें असा तिचा संशय, तेंच सहा आठवडे आपल्या हातानें भरवावयाचें! दुसऱ्या आठवड्यापासून मुलीचें पोट दुखूं लागलें, ती ताटावरून उठून आईच्या पदराआड जाऊन बसे आणि म्हणे, "आई, आज नको ना गं." आईनें दोनदां माघार घेण्याचें ठरविलें आणि दोन्ही वेळां पुन्हां पोळी लाटली. सहा आठवड्यांनीं रक्तांत प्रतिद्रव्यें सांपडलीं; नळीची तपासणी झाली; लव झिजलेली होती. निदान पक्कें झालें आणि घरांतला वादही मिटला. आरंभींच एक रक्ततपासणी झाली असती, तर हे सहा आठवडे त्या मुलीच्या वाट्याला आलेच नसते. पुढें आईवडिलांची व धाकट्या भावाचीही तपासणी करण्यात आली. कारण रोग्याच्या सख्ख्या नातलगांत तो असण्याचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक असतो.

ज्यांनीं गहूं आधींच सोडला आहे आणि पुन्हां खाण्याची ज्यांची तयारी नाहीं, त्यांना एक वाट उरते. या रोगाला लागणारी उपजत ठेवण आपल्यांत आहे किंवा नाहीं, हें रक्तावरून केव्हांही कळतें, गहूं खा अथवा न खा. ती नसेल तर रोग नाहीं, असें जवळ जवळ निश्चित म्हणतां येतें. ती असेल तर मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं. कारण अनेक निरोगी माणसांतही ती असते.

गव्हाचें आणखी एक वैर आहे. कांहींना गहूं खाल्ल्यावर थोड्याच वेळांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित् श्वास कोंडतो. ही गव्हाची अ‍ॅलर्जी. तिचा मार्ग वेगळा, आणि तेथें घरगुती प्रयोगांना मुळींच स्थान नाहीं. तेव्हां डॉक्टरच.

आतां उरले आपण बाकीचे, म्हणजे ज्यांची तपासणी निर्दोष आहे आणि तरीही ज्यांचें पोट कुरकुरतें असे. आपल्या कानांवर एक युक्तिवाद नेहमीं येतो, कीं आपले पूर्वज भाकरी खात, गहूं हा परका, म्हणून तो बाधतो. त्यांत इतिहास थोडा खरा आहे. माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं पोळी सणावारीं होत असे. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहूं रेशनच्या दुकानांत येऊं लागला. पुढें मेक्सिकोकडील बुटक्या वाणांवरून कल्याणसोना, सोनालिका वगैरे जाती आपल्याकडे आल्या आणि गहूं मुबलक झाला. १९७२ च्या दुष्काळांत मी चौदा वर्षांचा होतों. रेशनवर तांबडा मिलो मिळे, तो खाऊन कंटाळलेल्या आम्हां मुलांना गव्हाची पोळी म्हणजे दिवाळी वाटे. पोळी ही सुबत्तेची खूण झाली आणि भाकरी गरिबीची. हा आपल्या मनाचा विकार आहे, गव्हाचा नव्हे. पण परकें म्हणून बाधतें, हें तर्काला धरून नाहीं. मिरची आणि बटाटा हीं दोन्हीं समुद्रापलीकडून आलीं, आणि त्यांच्यावांचून आपलें एकही लग्नकार्य पार पडत नाहीं. नव्या जातींत ग्लूटेन वाढविलें गेलें, असेंही म्हणतात. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील कासार्डा या शास्त्रज्ञानें २०१३ सालीं विसाव्या शतकांतील नोंदी चाळून, त्या देशांत पैदाशीमुळें गव्हांतलें ग्लूटेन वाढल्याचा पुरावा मिळत नाहीं, असें दाखविलें. आणि ज्या खपली गव्हाचा सध्यां एवढा बोलबाला आहे, तोही गहूंच आहे. त्याची खीर फार उत्तम होते. सीलिअ‍ॅकच्या रोग्याला मात्र तो विषासमान आहे.

मग गहूं सोडून अनेकांना बरें वाटतें, तें कशानें? माझ्या स्वतःच्या प्रयोगाची हकीकत सांगतों. दोनेक वर्षें जेवणानंतर माझें पोट नगाऱ्यासारखें फुगे आणि दुपार जड जाई. रक्ताची तपासणी आधीं करून घेतली. ती निर्दोष निघाली. मग एक वही घातली. फुगवट्याला रोज रात्रीं शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावयाचे, हा माझा जुना धंदाच! पहिले दोन आठवडे नेहमींचा आहार ठेवला. सरासरी पांच आली. पुढचे सहा आठवडे गहूं बंद. सरासरी दोनावर उतरली, वजन दोन किलो घटलें. शेजारी म्हणाले, "झालें सिद्ध." परंतु वही नीट पाहिली तेव्हां दिसलें, कीं गव्हाबरोबर चहाची खारी गेली होती, बिस्किटें गेलीं होतीं, संध्याकाळचा पाव गेला होता, आणि भाकरीनें पोट लौकर भरत असल्यामुळें रात्रीचें जेवणही पाऊण झालें होतें. चार आरोपी एकाच वेळीं पळाले, चोर कोण?

म्हणून दुसरा भाग आरंभिला. सूनबाईंनीं थालीपिठाची भाजणी दोन डब्यांत केली. एकींत तिसरा हिस्सा गहूं, दुसरींत त्याऐवजीं जोंधळा अधिक. डब्यांवर अ आणि ब अशीं अक्षरें. कोणत्यांत काय, याची चिठ्ठी सूनबाईंच्या कपाटांत. थालीपीठ लावणाऱ्या आमच्या मंडळींनाही तें ठाऊक नव्हतें. कांदा वर्ज्य केला, कोथिंबीर घातली. एक आठवडा अ, मध्यें एक आठवडा मोकळा, मग एक आठवडा ब. दोन्ही वेळां थालीपीठ. अ च्या आठवड्याची सरासरी दोन, ब ची सव्वादोन. चिठ्ठी उघडली तों गहूं अ च्या डब्यांत होता. एका म्हाताऱ्यावरचा हा एकच प्रयोग. त्यावरून जगाला नियम सांगण्याचा माझा मानस नाहीं. पण माझ्यापुरतें गव्हाला मीं आरोपमुक्त केलें. हल्लीं दुपारीं दोन पोळ्या, रात्रीं भाकरी, खारी बंद. गुण दोन-तीनांत असतात. ज्या दिवशीं पोळ्या चार आणि जोडीला कांदा-लसूण घातलेली मटकीची उसळ, त्या दिवशीं मात्र सहा.

या शेवटच्या नोंदीचा उलगडा नॉर्वेंत झालेल्या एका प्रयोगानें होतो. ओस्लो येथें एकोणसाठ माणसें निवडलीं, सीलिअ‍ॅक नसतांही गहूं बाधतो म्हणून ग्लूटेन सोडलेलीं. त्यांना दिसायला व चवीला सारख्या तीन प्रकारच्या वड्या एकेक आठवडा खावयास दिल्या. एकींत ग्लूटेन, दुसरींत फ्रुक्टन, तिसरींत दोन्हीही नाहीं. २०१८ सालीं निष्कर्ष छापला गेला. सर्वांत अधिक त्रास झाला तो फ्रुक्टनच्या वडीनें. ग्लूटेनची वडी आणि रिकामी वडी यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाहीं. फ्रुक्टन म्हणजे फळांतल्या साखरेच्या कणांची एक सांखळी. ती तोडण्याचें हत्यार आपल्या आंतड्यांत नाहीं. ती तशीच मोठ्या आंतड्यांत जाते, तेथले सूक्ष्म जंतु तिच्यावर ताव मारतात आणि वायु धरतो. गव्हांत ती असते. कांद्यांत व लसणींत तर विपुल असते. हा वायु त्रासदायक खरा, पण त्यानें आंतड्याची लव झिजत नाहीं. म्हणजे अशा माणसाला गव्हाचा कण न् कण टाळण्याचें कारण नाहीं. प्रमाण कमी केलें कीं भागतें. सीलिअ‍ॅकमध्यें मात्र कणाचाही हिशेब आहे. दोन्ही ठिकाणीं शब्द तोच, "गहूं बाधतो". अर्थ मात्र अगदीं निराळा.

मनाचाही यांत मोठा वांटा असतो. त्रास होणार असें ठाम वाटलें कीं त्रास होतो, आणि तो खोटा नसतो. पोट खरोखरच दुखतें. म्हणूनच सालेर्नो येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संकेतांत, सहा आठवडे ग्लूटेन बंद ठेवून मग तें ओळखूं न येईल अशा रीतीनें पुन्हां देऊन पाहावें, असें सांगितलें आहे. आमच्या सूनबाईंचे दोन डबे म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ति.

प्रयोग करणाऱ्यांनीं एक पथ्य पाळावें. गहूं काढला त्या जागीं जोंधळा, बाजरी, नाचणी यावी. सगळा भात आला, किंवा "ग्लूटेनविरहित" अशी चिठ्ठी लावलेले महागडे बिस्किटांचे पुडे आले, तर कोंडा जातो, साखर येते, आणि पोट साफ होत नाहीं अशी नवी तक्रार सुरू होते. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्यें साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. म्हातारपणीं तिच्या आंबिलीसारखी वस्तु नाहीं. ज्यांना मधुमेहाचीं औषधें चालू आहेत, त्यांनीं धान्य बदलण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारावें.

ज्या घरांत निदान पक्कें झालें आहे, तेथील गृहिणीचें काम याहून कितीतरी बिकट असतें. त्या मुलीच्या आईकडून मीं जें ऐकलें तें सांगतों. रवा, मैदा, शेवया, दलिया हें गव्हाचेंच कुटुंब, हें सर्वांना कळतें. पण बाजारच्या पुडींतल्या हिंगांत गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें, हें तिला पुष्कळ उशिरां समजलें. मेतकुटांत गहूं असतो, भाजणींत असतो, सातूच्या पिठांत असतो. जव तर गव्हाचा सख्खा भाऊ. कुरडई चिकाची खरी, परंतु ग्लूटेन सगळें निघून जात नाहीं असें मघाशीं म्हटलें तें याचसाठीं, कुरडईही वर्ज्य. सर्वांत मोठा शत्रू गल्लींतली पिठाची गिरणी! तिच्यावर आधीं कोणाचे तरी गहूं दळलेले असतात आणि पाठोपाठ आपले जोंधळे पडतात. डब्यांत येतें तें मिश्रण. जें अन्न ग्लूटेनविरहित म्हणून विकावयाचें, त्याच्या किलोंत वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतां कामा नये, असा आपल्याकडचा नियम आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीचाही अंश. गिरणीच्या जात्यांत राहिलेलें पीठ याच्या कितीतरी पट भरेल. त्या घरानें अखेर घरघंटी घेतली, आणि तींत गव्हाचा दाणा जात नाहीं. पोळीचा तवा, चाळण, लाटणें वेगळें केलें. उपासाचे दिवस मात्र सोपे जातात. वरई, राजगिरा, शिंगाडा, साबूदाणा यांत ग्लूटेन नाहीं. म्हणून ती मुलगी घरांतल्या सगळ्या एकादश्या मोठ्या आनंदानें धरते!

खरी अडचण घराबाहेरची. सत्यनारायणाचा शिरा नाकारला कीं चार बायका कुजबुजतात. वाढदिवसाचा केक, मैत्रिणीच्या डब्यांतली पोळीभाजी, सहलींतला वडापाव. नऊ वर्षांच्या मुलीनें किती वेळां नाहीं म्हणावें? येथें शिक्षकाचा उपयोग होतो. तिच्या वर्गशिक्षिकेला मीं एक चिठ्ठी लिहिली आणि त्या बाईंनीं वर्गाला एक तास हा विषय समजावून सांगितला. मैदा धुण्याचा प्रयोगही करून दाखविला. आतां मुलें तिला आपणहून विचारतात, "हें तुला चालतं का गं?" शाळेंतली तांदळाची खिचडी तिला चालते, फोडणींत बाजारचा हिंग नसला म्हणजे झालें. ज्या दिवशीं वर्गांत बिस्किटें वांटतात, त्या दिवसासाठीं राजगिऱ्याच्या लाडवांचा एक डबा बाईंच्या कपाटांत ठेवलेला असतो.